भाताच्या वाटीचा हात

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या बँकेने आम्हाला टोकियोला धाडलं, तेव्हा तिथल्या निशी-कसाई या वस्तीत मी काही महिने स्क्वेअर डान्सची मास्तरीण होते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतो.

त्या काळात माझ्या सात वर्षांच्या मुलीला माझी लाज वाटायची. ती जपानी शाळेत जाई, मराठीत विचारलेल्याचं उत्तर जपानीत देई, आणि शाळेच्या फाटकाशी मी माझं मोडकं जपानी काढलं रे काढलं की "हाझुकाशीइ!" म्हणून माझी ओढणी खेचायची. म्हणजे काय, तर लाज आणतेस. मी हसण्यावारी न्यायचे, पण जिव्हारी लागायचं.

आता नाचाचं. वस्तीच्या सभागृहात चार जोड्या चौकोन करून उभ्या राहत, टेपवरचा अमेरिकन माणूस इंग्रजीत हुकूम सोडी आणि सगळे त्याबरहुकूम फिरत. मी नुसती बघायला जायचे, कारण चहाबरोबर बिस्किटं बरी असायची. क्लबचे अध्यक्ष एक निवृत्त गृहस्थ, गळ्यात टायऐवजी काउबॉयसारखी दोरी. त्यांनी एकदा सरळ हिशेब मांडला: हुकूम इंग्रजीत, या बाईंना इंग्रजी येतं, तेव्हा नवशिक्यांना यांनीच शिकवावं. घरी सांगितलं तर अहो म्हणाले, "बघ हं, तिथलं अंगण फार सपाट आहे. वाकडं म्हणायची सोय नाही."

माझ्या वाट्याला एकच चाल आली, 'अलेमान लेफ्ट'. जोडीदाराकडे पाठ करून पलीकडच्या शेजाऱ्याला डावा हात द्यायचा, त्याच्यासोबत एक फेरी घ्यायची आणि जोडीदाराकडे परत यायचं. बस्स, एवढंच. पण डावा हात! प्रसादाला पुढे केला म्हणून ज्या हातावर लहानपणी चापट्या खाल्ल्या, जो पुढे केला म्हणून लेकीला रोज टोकायचे, तो हात परक्या माणसाला द्यायचा? माझा आपला उजवाच पुढे व्हायचा. त्यात जपानी डावं-उजवं कच्चं. उजव्याला मिगी म्हणतात, ते मी 'मी गिळते तो मिगी' असं पाठ केलं होतं. घाईत मात्र हात कसाबसा डावा वर केला, तरी तोंडातून मिगीच निघे. निम्मे शिष्य तोंडाचं ऐकत, निम्मे हाताचं, आणि चौकोनाचा चिवडा होई. मग सगळे वाकून एकमेकांची माफी मागत, वाकताना डोकी आपटत, की लगेच त्याची माफी.

शेवटी मी माझी युक्तीच त्यांना द्यायची ठरवलं. म्हटलं, "ज्या हाताने जेवत नाही, तो द्या."

कुणीच हात देईना. मग एक आजी अदबीने म्हणाल्या, "सेन्सेई," म्हणजे बाई, "आम्ही दोन्ही हातांनी जेवतो."

खरंच की! उजव्यात काड्या, डाव्यात भाताची वाटी. आपला डावा हात जेवताना मांडीवर लोळत असतो, त्यांचा कामावर असतो. त्या वाटीला म्हणतात ओचावान. मी ओरडले, "ओचावान!" आणि आठही जणांचे डावे हात पुढे आले. त्यानंतर मी दुसरा शब्द वापरलाच नाही, या चालीच्या सरावाला टेपही लावली नाही.

शरदात वस्तीचा महोत्सव आला. आमच्या नवशिक्यांचा नाच ठरला आणि लेकीचा सगळा वर्ग बघायला येणार होता. तिने मला आदल्या दिवशी बजावलं, "स्टेजवर उभी राहा. पण बोलायचं नाही. एक शब्द नाही." मी कबूल केलं.

टेप सुरू झाली. सुरुवात झकास झाली. मग अमेरिकन माणूस म्हणाला, "अलेमान लेफ्ट!" आणि माझे आठ शिष्य खांबासारखे उभे राहिले. हा शब्द त्यांनी माझ्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता! सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिल्या रांगेतून लेकही बघत होती. मला राहवेना.

"ओचावान!"

आठ डावे हात पुढे आले, चौकोन फिरला आणि सभागृह हसून हसून लोटपोट झालं. सगळ्यात मोठ्याने तिचाच वर्ग हसत होता. मला स्टेज दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी येईपर्यंत ती माझ्या पुढे पुढे चालत होती. मी समजूत काढायला धजले नाही. जेवायला बसलो. ती वरणभात कालवत होती, उजवा हात मनगटापर्यंत बरबटलेला. माझ्याकडे न बघता तिने डावा हात पुढे केला.

"आई, ओचावान," ती म्हणाली. आणि मग चक्क मराठीत, "मला पण शिकव ना. सगळे म्हणाले, उद्या शाळेत करून दाखव."

आम्ही तशाच खरकट्या हातांनी उठलो आणि टेबलाभोवती फिरलो. अहोंच्या पानातली आमटी त्यांच्या मांडीवर गेली. डावा हात पुढे केला म्हणून तिला टोकायचं मात्र राहूनच गेलं.