न झालेली पाहणी

अमडापूरचे एक संगणकवाले गृहस्थ आमच्या शेतकरी संस्थेचे संकेतस्थळ सांभाळत. त्यावर त्यांनी प्लगइन, म्हणजे तयार जोड-प्रणाली, टाकून कार्यक्रमांचे कॅलेंडर बसवले होते. प्रत्येक नोंद ते मोठ्याने वाचत, मगच बटण दाबत.

बोंडअळीने खाल्लेल्या कपाशीची पाहणी मीच जाहीर केली आणि उन्हाचा कंटाळा करून गेलो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना ती नोंद पुसायला सांगितली.

“झालीच नाही तं पुसू काऊन, साहेब? लोकं अंधार पडेपर्यंत तुमची वाट पाहून राह्यले होते.”

त्यांनी तिथे उद्याची तारीख घातली, मोठ्याने वाचली आणि बटणावर बोट ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. मी मान हलवली.

सकाळी त्या शेतावर गेलो. लोक आधीच जमले होते. हुकलेल्या दिवसाचा विषय कुणीच काढला नाही. पाण्याचा पहिला तांब्या मात्र त्यांनी माझ्याच हाती दिला.