तेरावं डालगं

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. ती चौथीत होती. दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा पहिला सोमवार, दुपारची खिचडी खाऊन झाल्यानंतरचा तास. मी दुसरीत, त्याच खोलीत. आटपाडीच्या पूर्वेला आमची वस्ती. चार इयत्तांना एकच खोली आणि एकच सर.

इतकं नेमकं सांगते, कारण "पोरीलाच शिकायचं नव्हतं" असं गावात आजही म्हणतात. खोटं आहे ते.

आमच्या घरी मेंढरं. सकाळी मेंढ्या चरायला गेल्या की बारकी कोकरं मागं ठेवायची, डालग्याखाली, म्हणजे पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली. एका डालग्याखाली सहाच. सातवं घातलं की एखादं गुदमरतं. हे काम अक्काचं. सहा, बारा, अठरा, चोवीस असं पुटपुटत ती डालगी घालत जायची, दर सहाला एक बोट मिटायची. शाळेनं भागाकार शिकवायच्या आधीपासून ती तो रोज करत होती.

त्या सोमवारी सरांनी फळ्यावर पंचाहत्तर भागिले सहा लिहिलं आणि अक्काला उठवलं. तिनं खडू घेतलाच नाही. बोटं मिटत बहात्तरपर्यंत गेली, थांबली आणि म्हणाली, तेरा.

सर म्हणाले, चूक, पुन्हा कर. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा तेरा. बारा, बाकी तीन, असं सरांनी ओरडून सांगितलं.

"तीन उरल्याती की सर. त्यास्नी काय उनात ठेवायचं व्हय?"

तिच्या डोळ्यांपुढं कोकरं होती. उरलेल्या तिघांना तेरावं डालगं लागणारच. बाकी तीन राहते हे तिला पुरतं कळलं होतं. ती तशीच सोडून द्यायची, हे पटत नव्हतं. सरांनी एवढंच विचारायचं होतं, कोण तीन? नाही विचारलं. "जा मेंढरामागं, तिथं चालंल तुझं गणित," म्हणाले आणि तिला पहिलीच्या पोरांत नेऊन बसवलं. सगळी खोली हसली. मीही हसले. तेरा कुठून आले ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं, तरी हसले.

दिवाळीनंतर आमचा कळप नदीकाठाला, उसाच्या मुलखात उतरतो. त्या वर्षी अक्काला चुलतीपाशी ठेवून शाळा चालू ठेवायची, हे आईनं वडलांशी महिनाभर भांडून कबूल करून घेतलं होतं. संध्याकाळी शाळेतला प्रकार वडलांना कळला, माझ्याच तोंडून. आई म्हणाली, सरांना जाऊन विचारू. वडील म्हणाले, मास्तरच मेंढरामागं धाडा म्हणतोय, मग इचारायचं काय? त्यांना कळपाला माणूस हवंच होतं. चौथ्या दिवशी अक्का सामान लादलेल्या घोड्यामागून चालत गेली. शाळेत परत आली नाही. रजिस्टरात कारण लिहिलं, स्थलांतर.

मी चुलतीपाशी राहिले, पुढं शिकले. आता सातारा-सांगलीत गावोगाव पत्रकं वाटत फिरते, मुली शाळेत टिकवा म्हणून. अक्का हा विषय कधी काढत नाही. एकदा मीच तिची माफी मागितली.

"तू बारकी व्हतीस गं," ती म्हणाली. "सर न्हवतं बारकं."

म्हणून हे वाचून नुसती मान हलवू नका. उद्या तुमच्या गावच्या शाळेत जा. भागाकार चुकलेल्या एका मुलीजवळ बसा आणि विचारा, हे कसं काढलंस? ती बोलेपर्यंत उठू नका. बोलली की तिच्या मास्तरांना बोलवा आणि त्यांना ते शेवटपर्यंत ऐकायला लावा.