टेकडीवरचा भुईचाफा

पातूरच्या बाजारात माणिकबाई आणि तिची धाकटी जाऊ जमुना शेजारी शेजारी फुलं विकायला बसायच्या. झेंडू, शेवंती दोघींकडे सारखीच. पण चैत्र आला की जमुना टेकडीवरून भुईचाफा आणायची. सागाच्या वाळक्या पाचोळ्यातून, मुरमाड उतारावर, ना पान ना दांडा, थेट जमिनीतून वर येणारं पांढरं-जांभळं फूल. त्याच्या वासानं गिऱ्हाईक तिच्याकडेच ओढलं जाई. वकिलांच्या अनुपमाताई तर मोबाइलवर त्याचे फोटो काढत आणि माणिकबाईपुढून जाताना मानही वळवत नसत. माणिकबाई हार बांधता बांधता मान उंच करून नुसती पाहत राही.

एका वर्षी ती जमुनाच्या मागावर गेली. जागा हेरली आणि दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन सारे कंद खणून आणले. निम्मे मळ्यात ठिबकच्या नळीखाली लावले, उरलेले पोत्यात भरून गोठ्यात टाकले.

जमुना नुसता झेंडू घेऊन बाजारात आली. "डुकरायनं सारे कंद खाल्ले वो बाई," म्हणत ती रडायलाच लागली. आजूबाजूचे सगळे तिची समजूत काढायला गोळा झाले. अनुपमाताईंनी तर तिचा सगळा झेंडू घेतला. हिचं गेलं तरी लोक हिच्याच भोवती! माणिकबाई आपला झेंडू पुढं सरकवत राहिली.

मळ्यातले कंद काळ्या मातीत पाणी पिऊन सडले. पोत्यातले वाचले. ते तिला ठेववेनात, फेकवेनात. शेवटी ज्येष्ठात टेकडी चढून, पाचोळा सारून, ती ते पुन्हा पुरून आली.

पुढच्या चैत्रात जमुना हरखून आली. एक फूल माणिकबाईच्या हातावर ठेवत म्हणाली, "पाह्य बाई, देवानं मले वापस देल्ले!"

देवानं? कठीण मुरूम उकरून हाताला फोड आले ते कोणाच्या? इतके दिवस जावेचा हेवा होता, आता देवाचाही वाटला.

"देवानं काहून? म्या लावले," माणिकबाई बोलून गेली. "अन् खणलेबी म्याच."

"काहून वो, बाई?"

"तुह्यापाशी गर्दी पाहून जीव जळे माहा."

जमुना टोपली उचलून रस्त्यापलीकडे जाऊन बसली. आजही तिथंच बसते. सणावाराला घरी येते, सोबत जेवते, पण बाजारात ओळख देत नाही. आणि माणिकबाई हार बांधता बांधता अजून मान उंच करून पाहते, पलीकडे कोण थांबलंय ते.