पाच गावांचा रस्ता

नवरा वारला तेव्हा गावाची पाटीलकी माझ्या नावावर आली. मूलबाळ नव्हतं. दप्तरात दिराचं नाव घाला असं पुष्कळांनी सुचवलं, पण त्यासाठी आधी माझं नाव काढावं लागलं असतं आणि ते मी काढू दिलं नाही. बाईमाणूस चावडीवर बसत नसे, म्हणून कारभार धाकटे दीर पाहत. सारा गोळा करणं, शिवेच्या खुणा राखणं, भांडणं मिटवणं, तहसिलीतून शिपाई आला की त्याची व्यवस्था बघणं, हे सगळं तेच करत. माझ्याकडे नाव होतं आणि स्वयंपाकघर होतं.

मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि पुतण्याची सून लिहिते. माझं बोलणं ती शाळेतल्यासारखं करते, पण त्या दिवशी शिवेवर कोण काय बोललं ते जसंच्या तसं ठेव, असं मी तिला बजावलं आहे.

आमचं गाव भातकुलीहून अमरावतीला जाणाऱ्या वाटेवर. सात समुद्रांपलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि म्हणून आमच्या कापसाला कधी नव्हे ती मागणी आली, असं व्यापारी सांगत. आम्हाला एवढंच दिसत होतं की दिवाळी झाली की गाडे सुरू होत आणि उन्हाळा चढला तरी थांबत नसत. दर्यापुराकडून, त्याच्याही पलीकडून येत. काळ्या मातीत चाकोऱ्या एवढ्या खोल गेल्या की रिकामा गाडासुद्धा आसापर्यंत रुतायचा. सकाळी सारवलेलं अंगण दुपारी धुळीने पांढरं व्हायचं.

पहिल्या वर्षी लोक खूश होते. कडबा विकला जाई, सुताराला काम मिळे, गावच्या बायका भाकरी थापून गाडीवानांना देत. दिरांनी तर कडब्याच्या गंज्या मुद्दाम वाटेच्या कडेला रचल्या. पण आमच्या भागात जमिनीच्या पोटात खारं पाणी आहे. गोड पाण्याची विहीर आमच्या गावाला एकच होती, वेशीजवळची. बाकी होता तो नाला. गाडे नाल्याच्या वरच्या अंगाला मुक्कामाला सुटत, बैल तिथेच पाण्यात उभे राहत, माणसं तिथेच कपडे धूत आणि परसाकडेला बसत. आणि त्याच नाल्यात, थोडं खाली, महारवाड्याचा झिरा होता, वाळूत खणलेला पाझराचा खड्डा. त्यांना आमच्या विहिरीवर येता येत नसे. तो झिरा हेच त्यांचं पाणी.

दुसऱ्या वर्षी वाद वाढले. गाडे शेतांतून वाट काढू लागले, बांध फुटले. दीर तहसिलीत जाऊन आले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, तुमच्या शिवेतला रस्ता तुम्ही नीट करा, पुढचा पुढच्या गावाने करावा. पुढच्या गावाचे पाटील मुसलमान होते, वयाने मोठे, घरंदाज. आमच्या गावाशी त्यांचं शिवेवरून जुनं भांडण होतं. त्यांचं म्हणणं, गाडे माझ्या गावचे नाहीत, मी मुरूम का टाकू? आमच्या लोकांचंही तेच. त्यांच्या पलीकडची तीन गावंही हेच म्हणत. ज्या त्या शेताला धनी होता, नाल्याकाठच्या बाभळींनासुद्धा धनी होता. रस्त्याला मात्र कुणीच नव्हता.

त्या चैत्रात नाल्याचं पाणी घोट्याएवढं उरलं आणि पटकी आली.

आधी आमच्या गावच्या म्हाताऱ्या महाराची सून गेली. हा म्हातारा गावाचा राखणदार. शिवेवर कोण आलं, कोण गेलं, याची खबर तोच आणायचा. सकाळी ती पाणी भरून आली होती आणि दिवस मावळायच्या आत तिला नेलं. मग नाल्याकाठी एक गाडीवान गेला. मग आमच्याच आळीतली एक लेकुरवाळी. दीर आपला कापूस घेऊन अमरावतीला गेले होते आणि घरात कर्ता पुरुष कुणी नव्हता.

एके दिवशी दुपारी म्हातारा महार अंगणाबाहेर येऊन उभा राहिला. त्याच्या आवाजात रडं नव्हतं. गाडेवाले वरून घाण करतात आणि आमी खालून पितो, एवढंच तो आधी बोलला. मग त्याने खबर सांगितली. गावकऱ्यांनी विहिरीवरचे दोर आणि पोहरे काढून घेतले होते. गाडीवानांना पाणी बंद. आणि मरीमायचा गाडा सजवून तो पुढच्या गावाच्या शिवेत लोटायचं ठरलं होतं, म्हणजे रोग तिकडे जाईल.

मी नवी नवरी असताना हे एकदा पाहिलं होतं. तेव्हा दोन्ही गावची डोकी फुटली होती आणि माझ्या सासऱ्यांचा हात कायमचा अधू झाला होता. मी विचारलं, पलीकडच्यांना कळलं आहे का?

"काठ्या घेऊन उभेच हायेत ते," तो म्हणाला. "अन् मंधात गाडे अडकले. बैलायले कालपासून पानी नाई."

मी बसून राहिले. विधवा झाल्यापासून मी वेशीबाहेर पायी गेले नव्हते. दिरांना निरोप धाडला तरी ते येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं असतं. जाऊ म्हणाली, बाई, दार लावून घ्या, पुरुषांचं पुरुष बघतील. तिचं चुकीचं होतं असं नाही. पण उद्या शिवेवर माणूस मेला तर तहसिलीचा शिपाई दार ठोठावणार ते माझ्याच नावाने, हे मला माहीत होतं. मी पदर डोक्यावर ओढला आणि निघाले. म्हातारा वाटेच्या कडेने, माझ्यापासून लांब, पुढे चालत होता.

मी शिवेवर पोचले. अलीकडे आमची माणसं, मधे तो लाकडी गाडा, त्यावर शेंदूर फासलेली माय, लिंबाचे डहाळे. पलीकडे त्यांची माणसं, काठ्या, दोघातिघांच्या हातात कुऱ्हाडी. आणि वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या तोंडाला फेस, गाडीवान बैल हाकायच्या पराण्या हातात धरून उभे.  एवढी माणसं गप्प उभी मी आधी कधी पाहिली नव्हती.

मला पाहून आमच्यातला एक पुढे आला आणि परत जा म्हणाला. मी त्याला ओलांडून मायच्या गाड्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. आता गाडा लोटायचा तर माझ्या अंगावरून लोटावा लागला असता.

पलीकडचे पाटील पुढे आले. बाईमाणसाशी बोलायचं म्हणून त्यांनी नजर खाली ठेवली होती.

"पाटलीनबाई, तुमची माय तुमच्या गावात ठेवा. माझ्या गावात आजपर्यंत कोनी मेलं नाई."

"आज नाई मेलं," मी म्हटलं. "हेच गाडे उद्या तुमच्या नाल्यावर सुटतीन."

त्यांनी मान वळवून गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं. तेवढ्यात मागून कुणीतरी दगड भिरकावला. कुठल्या बाजूने ते आजपर्यंत कळलेलं नाही. तो पहिल्या गाड्याच्या बैलाच्या कपाळावर बसला. बैल उधळला, गाडा कलंडला, कापसाचा बोजा सुटून वाटेवर पडला. गाडीवान ओरडत धावले. दोन्हीकडच्या काठ्या वर गेल्या.  पलीकडच्या पाटलांनी मात्र आपल्या माणसांकडे तोंड करून दोन्ही हात पसरले आणि ते तसेच उभे राहिले. पाठ आमच्याकडे. आमच्यातल्या कुणालाही त्या पाठीवर काठी घालता आली असती.

कुणी घातली नाही. काठ्या हळूहळू खाली आल्या.

मग मी सांगितलं की दोर परत विहिरीवर बांधा. विहिरीला गाडीवानाने हात लावायचा नाही. आपल्या माणसांनी पाणी शेंदायचं आणि वेशीपासून लांब दगडी डोणीत ओतायचं, तिथे बैल पितील. नाल्यात कुणी उतरायचं नाही. आणि मायचा गाडा इथेच शिवेवर राहील, ना इकडे ना तिकडे.

आमच्या लोकांत कुजबुज सुरू झाली. मघाचाच तो माणूस म्हणाला, "गावाचा पाटील कोन हाये? तुमी का तुमचा दीर?"

"दप्तरात नाव माह्यं हाये," मी म्हटलं. "इथं काही झालं तं मलेच धरतीन. दोर बांधा."

दोर बांधायला पहिला कोण गेला ते मी पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले होते. पण थोड्या वेळाने वेशीकडून पोहरा आपटल्याचा आवाज आला आणि बैलांनी माना वर केल्या.

रोग लगेच थांबला नाही. आमच्या गावात आणखी माणसं गेली, पलीकडेही गेली; मी गाडा अडवला म्हणून माय कोपली, असं काही महिने माझ्या कानावर येत राहिलं. दीर परत आले तेव्हा घरात न शिरता ओसरीवरच बसले. घराची अब्रू शिवेवर नेली, असं ते म्हणाले, आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही समजूत घालायला गेले नाही.

पण दोर परत निघाला नाही. आणि पाऊस लागायच्या आधी पलीकडच्या पाटलांचा माणूस निरोप घेऊन आला. निरोप माझ्या नावाने होता. पाच गावांनी शिवेवर बसावं, असं त्यांचं म्हणणं होतं. दिरांनी तो ऐकला, पागोटं घातलं आणि विचारलं, "वयनी, काय सांगू म्हनता?" आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

बैठका शिवेवरच्या लिंबाखाली झाल्या. मी तिथे नव्हते. जे झालं ते दिरांकडून कळे. प्रत्येक गावाने पंचायतीला एक माणूस द्यायचा, आणि तो पाटीलच असावा असं नाही, गाव म्हणेल तो. आमच्या गावाने दिरांनाच निवडलं. म्हातारा महार बोलावल्यावर जाई आणि पंच बसत त्या घोंगडीपासून दूर उभा राहून बोले. गाड्यांचा पडाव नाल्यावरून हलवून शिवेवर, महारवाड्याच्या झिऱ्याच्या खालच्या अंगाला न्यायचा, हे त्याने तिथे उभ्यानेच पदरात पाडून घेतलं. अमरावतीहून रिकामे परतणारे गाडे तिकडच्या टेकड्यांचा दगड-मुरूम भरून आणतील आणि जिथे सांगू तिथे टाकतील, हेही ठरलं. गाडीवान आधी कुरकुरले. पण रुतलेला गाडा काढण्यापेक्षा ते सोपं होतं.

पडावासाठी विहीर हवी होती. पाचही गावांची माणसं पाळीपाळीने खणायला आली. माती गेली, मुरूम लागला, झरा फुटला, आणि पाणी खारं निघालं.

त्या संध्याकाळी दीर तोंड पाडून आले. पलीकडच्या तीन गावांनी फावडी उचलून नेली होती. आम्हाला यात ओढलं आणि घाम मातीत घालवला, असं ते म्हणाले होते. पंचायत तिथेच मोडणार होती. पलीकडच्या पाटलांनी ओंजळीत पाणी घेतलं, चूळ भरून थुंकलं आणि ते घरी गेले. दिरांना वाटलं, झालं, संपलं.

सकाळी ते पाटील आपली बैलजोडी घेऊन विहिरीवर आले. पाणी काढून डोणीत ओतलं. बैलांनी हुंगलं, मागे सरले. ते तिथेच बसून राहिले. ऊन चढलं तसे बैल पुन्हा पुढे झाले आणि प्यायले. दुसऱ्या दिवशीही प्यायले आणि त्यांना काही झालं नाही. मग त्यांनी चार गावांना सांगावा धाडला: जनावरांना हे पाणी चालतं, माणसांच्या पाण्याचं आपण बघू. माणसांसाठी गोड पाण्याच्या घागरी ज्या गावची पाळी असेल त्याने पडावावर पोचवायच्या ठरल्या. पहिली पाळी त्यांनी स्वतःच्या गावाकडे घेतली. फावडी परत आली.

तहसिलीत दिरांनी हे सगळं सांगितलं, तेव्हा कारकून म्हणाला, पाच गावांची मिळून एक पंचायत असं आमच्याकडे काही नाही. गाव असतं नाही तर परगणा असतो. पण त्याने मोडाही म्हटलं नाही. ती पंचायत पुढची काही वर्षं चालली. भांडणं होत. एका वर्षी आमच्याच लोकांनी पाण्याची पाळी चुकवली आणि दिरांना पंचांसमोर मान खाली घालावी लागली. घरी येऊन त्यांनी राग माझ्यावर काढला. मी दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या घागरी आधी भरून पाठवल्या, मग गावच्या निघाल्या.

नंतर बडनेऱ्याला आगगाडी आली. कापसाचा भावही उतरला. गाडे कमी झाले, काही दुसऱ्या वाटेने जाऊ लागले. मग अमरावतीला साहेबांनी रस्त्यांसाठी एक कमिटी नेमली. तिच्यात मोठे देशमुख होते, सावकार होते. आमच्या पाच गावांतलं कुणी नव्हतं. कमिटीने आमचा रस्ता आपल्याकडे घेतला, कडेला दगड रोवले, नाल्यावर मोरी बांधली. काम पक्कं होतं, दिरांनीसुद्धा ते कबूल केलं. पण पहिल्याच पावसाळ्यात मोरीशेजारचा भराव खचला, आणि ते सांगायला दीर अमरावतीला गेले, तर त्यांना दिवसभर ओट्यावर बसवून ठेवलं आणि अर्ज करून या म्हणाले. ते परत आले आणि पलीकडच्या पाटलांकडे गेले. दोघांनी चार माणसं घेतली आणि भराव भरून टाकला.