उन्हात ठेवलेली तबकडी

लेक आपल्या संग्रहासाठी जॅझच्या जुन्या तबकड्या घेऊन आली. पुठ्ठ्याच्या कव्हराला तोच ओलसर वास होता, आणि पन्नाशी उलटलेली मी पुन्हा आठवीत जाऊन बसले.

महाडात आमचे शेजारी उस्मानचाचा जहाजावर नोकरीला होते. पुराचं पाणी त्यांच्या घरात शिरे, म्हणून जाताना त्यांनी प्लेअर आणि लाडकी जॅझची तबकडी आमच्या माळ्यावर ठेवली. पावसाळा सरला तेव्हा तबकडीवर बुरशी आली होती. आईने ती पुसली आणि गाद्यांशेजारी अंगणात उन्हाला टाकली. दुपारी बघते, तर काठ अळूच्या पानासारखे वळलेले.

"आता गो आई?"

"लोणच्याच्या बरणीला दाखवतो तसंच ऊन दाखवलं," आई म्हणाली, पण तळव्याने काठ दाबून सपाट करू लागली. शेजारी पुन्हा कधी विश्वासाने काही ठेवणार नाहीत, हीच तिची भीती.

त्याच संध्याकाळी चाचा आले. आठवीतली मी शूरपणे तापाचं सोंग घेऊन गोधडीत शिरले. त्यांनी आमच्याकडेच प्लेअर उघडून तबकडी लावली. सुई वर चढायची, खाली घसरायची आणि बाजाचा सूर रडल्यासारखा हेलकावायचा. आई पदर चावत दाराआड उभी. चाचा डोळे मिटून ऐकत होते.

"भाभी," शेवटी ते म्हणाले, "ह्या बाजेवाल्याला कशेडी घाटाच्या वळणांतून आणलंत वाटतं."

आई हसली नाही. पण पुढच्या पावसाळ्याआधी जाताना त्यांनी तीच तबकडी पुन्हा तिच्या हातात ठेवली.

"फक्त सावलीत ठेवा," म्हणाले.