सड्यावरचं लग्न आणि गावातली हळद

आमच्या कोपरखैरण्याच्या गावठाणात हळदीला डीजे लागला की खाडीपलीकडे विक्रोळीत लोकांच्या ताटातली भाकरी उडते. खोटं वाटत असेल तर विक्रोळीच्या माणसाला विचारा. तो नाही म्हणाला, तर समजा की त्याचे कान आमच्याच एखाद्या हळदीत गेलेत. आम्हा आगऱ्यांच्या लग्नाला माणूस एक वेळ नाही आला तरी चालतं, हळदीला आलाच पाहिजे. माझ्या हळदीसाठी बाबांनी बोकडांची अख्खी पिढी सांगून ठेवली होती. आमदार येणार होते. मांडव एवढा लांबलचक, की एका टोकाला दिवे लावले तेव्हा दुसऱ्या टोकाला अजून ऊन होतं.

या एवढ्या मांडवात नवरीचे वडील कुठे बसणार, ते मात्र कुणी ठरवलं नव्हतं. उरणचा कोळी माणूस, जन्म होडीवर गेलेला. बोलणी करायला आले त्या दिवशी बाबांनी त्यांना ‘बसा’ म्हणायच्या आधी आमदारांचा फोन घेतला आणि फोन संपेपर्यंत ते दारातच उभे राहिले. हातात पापलेटांची पिशवी, पाणी गळतंय, आणि हे आमच्या नव्या टाइल्सवर डाग पडू नये म्हणून पिशवीखाली स्वतःचा हात धरून उभे.

बरोबर आलेल्या नवरीनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी बेलापूरला, तिच्या ऑफिसखालच्या टपरीवर, कटिंग हातात घेऊन ती म्हणाली, “माझा बाप तुमच्या मांडवात परत उभा राहणार नाय. आपण पळून जाऊ.”

“अगं, लग्न ठरलंय आपलं. पळून कशाला?”

“ठरलंय म्हणूनच.”

अशी आमची पळून जायची तयारी सुरू झाली. पळणाऱ्यांत आम्ही दोघं, तिचा बाप आणि तिची आई. तिची आई धवलारीन. आमच्याकडे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत विधी उरकते ती धवलारीन, म्हणजे भटजीचाही प्रश्न मिटला. मी एकच अट घातली: माझी आई आली पाहिजे. बाकी अख्खं गाव राहिलं तरी चालेल.

आता जागा. स्पीकरची वायर पोचणार नाही, मोबाइलला रेंज नाही आणि माझा एकही नातेवाईक नाही, अशी जागा. पहिल्या दोन अटी कुठंही जमतात. तिसरीसाठी आम्ही रायगड जिल्हा मोटरसायकलनं असा पिंजून काढला, की नकाशा काढणाऱ्यांनी मला विचारायला यावं. जिथं थांबावं तिथं कुणीतरी विडी विझवून पुढे यायचा, “तू कोनाचा रं?” आणि पाण्याचा तांब्या येईपर्यंत तो माझा चुलत मामा निघायचा. शेवटी ताम्हिणीच्या अंगाला, धनगरांच्या एका पाड्याच्या वर, उघडा सडा सापडला. नुसता काळा कातळ, वाळलेलं पिवळं गवत, आणि कड्याखाली दरीच दरी. वारा असा, की बोललेलं वाक्य परत यायचंच नाही.

दिवस आम्ही हळदीचाच धरला. त्या दिवशी आमच्या घरात कोण कुठे आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, मग आई निसटली तर कुणाला कळणार? एवढी हुशारी मी आयुष्यात परत केली नाही.

आई ओट्यावर बोंबील साफ करत होती. मी कानात सांगितलं. ती इतकी हसली की विळी बाजूला ठेवावी लागली.

“तिथं चूल मांडाला दगड हायत का?”

“डोंगरच दगडाचा हाय, आई.”

“मंग येते. पन पैली हळद मीच लावनार हां, तुझ्या सासूला सांगून ठेव.”

आम्ही चौघं पहाटेच सड्यावर पोचलो. आईसाठी ठरवलेली गाडी गावदेवीच्या देवळामागे उभी राहणार होती. सासूबाईंनी हळदीचं ताट मांडलं आणि त्यावर पदर धरून बसल्या. “नवऱ्याची आई येव दे.” दुपार झाली. धवले म्हणून म्हणून त्यांचा घसा बसला. मी कड्यावरून पायवाट बघत होतो. एक धनगरीण वर आली, तर मी धावत सुटलो. ती बिचारी घाबरून शेळ्या टाकून पळाली. ऊन कातळावरून उतरायला लागलं तेव्हा सासरे उठले. ताटात बोटं बुडवली आणि माझ्या गालाला लावली. दोरानं सोललेले हात ते. हळद लावतायत की सुतार रंधा मारतोय, कळेना. मग माळा घातल्या आणि लग्न लागलं.

सकाळी खाली पाड्यावर रेंज आली. फोन असा थरथरला की हातातून उडून शेणात पडला. पुसून बघितला तर माझ्या हळदीचे व्हिडिओ. डीजे वाजतोय, आमदार नाचतायत, आणि पाटावर माझ्या जागी माझा चुलत भाऊ बसलाय. तोंडभर एवढी हळद, की त्याला त्याच्या बायकोनंही ओळखलं नसतं. बाबा माइकवर सांगतायत, “लग्न डेस्टिनेशन ठेवलंय, डोंगरावर. घरच्यांपुरतं!” टाळ्या. आणि त्या पोराच्या गालाला पहिला हात लावणारी बाई माझी आई. नवीन शालू, नाकात नथ. हसतेय.

आम्ही उलव्याला भाड्यानं खोली घेतली. आठवड्याभरानं आई आली. बसायच्या आधीच बोलायला लागली.

“तुझं बाबा दारात आडवं नाय पडलं. गाठोडं बघितलं, डोंगराचं समदं इचारून घेतलं नि बोललं, ‘जा. पन मांडवातल्या बायांना सांगून जा, वरमायशिवाय हळद कशी व्हनार ती.’ एवढी मानसं दारात. मी काय सांगनार व्हते?”

“माझं लग्न हाय म्हणून सांगायचं.”

“तुझ्याच नावानं लावली रे.”

“गाल त्याचा होता.”

तिनं पिशवीतून पुडी काढली. घरी कुटलेली हळद, वेगळी काढून ठेवलेली. “ये हितं. आता लावते.”

“लागली माझी, आई. सासऱ्यांनी लावली.”

बायकोनं चहा आणला. आईनं तो बशीत ओतून घाईनं संपवला, पुडी परत पिशवीत टाकली आणि उठली. उरणहून आलेले सासरे तेव्हा आत पलंगावर बसले होते. तिनं वाकून त्यांना नमस्कार केला. ते गडबडून उभे राहिले.

ती म्हणाली, “बसा.”

मी तिला खाली सोडायला गेलो नाही. गावात अजून लोक भेटतात, पाठीवर थाप मारतात, “तुझी हळद कसली कडक झाली रं! काय नाचलास!” मी म्हणतो, हो. नाचलो तर खरा.