साखळीतल्या किल्ल्या

बाहेरून बी.ए. करणाऱ्यांना मी दर रविवारी सकाळी कोपरीतल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. त्या वर्षी अभ्यासक्रमात नाताळची ती जुनी गोष्ट होती. एका कंजूष म्हाताऱ्याकडे त्याचा मेलेला भागीदार भूत होऊन येतो. त्याच्या अंगाभोवती लांबलचक साखळी, तिच्यात कुलपं, किल्ल्या, पैशांच्या पेट्या अडकलेल्या. आणि ती त्याने जिवंतपणी आपल्याच हाताने घडवलेली.

"साखळी कशाचं प्रतीक आहे?" मी विचारलं.

"लोभाचं, सर." गाईड वाचून आलेल्या तिघांनी एकदम सांगितलं. मीही वर्षानुवर्षं तेवढंच सांगत आलेलो.

शेवटच्या बाकावर टिटवाळ्याच्या एक काकू बसायच्या. पन्नाशी उलटलेली, नवरा गेल्यावर अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघालेल्या. वर्गात सहसा बोलत नसत. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "सर, माणूस पैशाचाच कंजूष असतो का?"

"गोष्टीत तरी तसंच आहे. का हो?"

"नाही, असंच," म्हणून त्या वहीत बघायला लागल्या.

तास संपल्यावर मात्र थांबल्या आणि सांगू लागल्या. त्यांच्या घरी एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली कायम त्यांच्या कमरेला. आत काचेचा डिनर सेट, कोऱ्या चादरी, सुनेच्या माहेरून आलेली भांडीसुद्धा. सगळं चांगल्या वेळेसाठी ठेवलेलं. घरातले सगळे पोचे पडलेल्या ताटांत जेवत होते.

"सून एकदा म्हणाली, आई, नातीच्या वाढदिवसाला तरी त्या प्लेटा काढू या. मी म्हटलं, फुटतील. पुन्हा तिने कधी विचारलं नाही." मग म्हणाल्या, "मला वाटायचं, मी जपतेय."



पुढच्या रविवारी त्यांनीच सांगितलं, "कपाट उघडलं, सर." तळाशी त्यांचा लग्नातला शालू होता. उलगडायला गेल्या तर घडीघडीवर चिरत गेला. एकदाच नेसलेला. त्या तिथेच खाली बसून रडल्या. सून शेजारी येऊन बसली. काठ हातात घेऊन म्हणाली, "हे धड आहेत, आई. उशांच्या अभ्र्यांना लावू." त्या दुपारी दोघींनी मिळून कपाट रिकामं केलं.

नाताळच्या सुट्टीत काकूंनी आम्हा सगळ्या वर्गाला जेवायला बोलावलं. वालाचं बिरडं, भाकरी, नारळीभात. वर्गातल्या एका ख्रिस्ती मुलीने घरचा केक आणलेला. सगळं त्या काचेच्या प्लेटांत. जेवता जेवता माझ्याच हातून एक वाटी निसटली आणि फुटली. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

काकू केरसुणी घेऊन आल्या. "पाय वर घ्या, सर. लागलं नाही ना कुठे? मग बसा निवांत." आणि दुसऱ्या वाटीत पुन्हा बिरडं वाढलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली, तेव्हा कुठे आम्ही सगळे हसलो.

काकू त्या वर्षी पास झाल्या. पुढच्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी त्या पुन्हा आल्या, सोबत सुनेला घेऊन. सुनेचं शिक्षण लग्नामुळे बारावीलाच थांबलेलं.

"रविवारी नातीला मी बघेन," काकू म्हणाल्या. "हिचा फॉर्म कुठे मिळेल, सर?"

मी दोघींना ऑफिसच्या खिडकीपाशी घेऊन गेलो.